पहाटे साडेचारचं सुतारकाम

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त झाल्यापासून दोनच कारणांसाठी वर येतात. टाकी भरून वाहायला लागली की, आणि टाकीत पाणीच नसलं की. म्हणून रविवारी सकाळी सात वाजता ते दारात उभे दिसले तेव्हा मी आधी पंप बंद केलाय का ते आठवू लागलो. पण काकांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "फर्निचर करून घेताय वाटतं? घ्या की, घ्या. पण करवत दिवसा चालवावी, एवढंच म्हणणं."

"करवत?"

"पहाटे साडेचारला सुरू होते. सव्वापाचपर्यंत. आठवडाभराच्या वेळा वहीत लिहून ठेवल्यात मी."

आता यांना कसं सांगायचं, की आमचा सुतार जेमतेम दीड किलोचा आहे, पांढराशुभ्र आहे आणि या क्षणी पाय पोटाशी घेऊन, जन्मात कधी काही केलं नसल्यासारखा डुलक्या काढतोय.

बंड्या आमच्याकडे आला लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला. तिने त्याचं नाव 'स्नोई' ठेवलं होतं. ते आईच्या तोंडी बसेना, आणि तीन दिवस त्याचे उद्योग पाहून तिने परस्पर बारसं उरकलं. स्टेशनजवळच्या दुकानदाराने तो पिंजऱ्यासकट हातात दिला होता. "साहेब, कुत्र्यासारखं फिरवायला नको, मांजरासारखे नखरे नाहीत. दिवसाला एक गाजर टाकायचं, विषय संपला." पिंजरा दोन फूट बाय दीड फूट. खाली जाळी, जाळीखाली ट्रे. "एकदम हवेशीर," तो म्हणाला. डोंबिवलीतला आमचा ब्लॉक विकताना बिल्डरही हेच म्हणाला होता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

करवत नेमकी चालते कशी, हे मी एका पहाटे टॉर्च घेऊन जवळून पाहिलं. आधी तो दाराच्या उजवीकडचा तिसरा गज हुंगतो. कायम तिसराच. पहिल्या दोनांचा सूर लागत नसावा. मग मान आडवी करून गज दातांत धरतो. दुभंगलेला ओठ मागे सरतो, मिशा फेंदारतात आणि सगळं डोकं हलवत तो त्या गजावरून दात असे ओढतो, की टर्रर्र. सोडताना, टण्. मग थांबतो. एक कान आमच्या खोलीकडे वळवतो. कानोसा घेतो. हालचाल नाही असं दिसलं की पुन्हा टर्रर्र-टण्. त्या गजाचा रंग निघून तो चक्क चकाकायला लागला होता.

लहानपणी गोष्टींत भेटलेला ससा पाठीवर पान पडलं तर आभाळ पडलं म्हणून पळत सुटायचा. ही गोष्ट रचणाऱ्याच्या घरात ससा नव्हता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

उपाय केले. पिंजऱ्यावर चादर टाकली. त्याने ती गजांतून आत ओढून घेतली आणि सकाळी जयपुरी चादरीला हत्तीच्या जागी भोक होतं. हिने ती चादर अजून टाकलेली नाही. वाद निघाला की पुरावा म्हणून बाहेर येते. मग मी ओरडून पाहिलं. "ए!" म्हटलं की तो थांबायचा, मागच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि इतक्या आनंदाने माझ्याकडे बघायचा, की मीच ओशाळायचो. ऑफिसात एकाने गजांना मिरचीचं पाणी लावायला सांगितलं. आई म्हणाली, "आधी स्वतःच्या जिभेला लावून बघ." तो विषय तिथेच मिटला.

शेवटी अपघातानेच रामबाण सापडला. अर्धं ग्लुकोज बिस्किट. गजातून आत सरकवलं की वीस मिनिटं शांतता. एकविसाव्या मिनिटाला पुढचा अर्धा. पंधरवड्यात माझी अशी प्रगती झाली की डोळे न उघडता उठायचं, बारा पावलं चालायचं, बिस्किट द्यायचं, परत येऊन पडायचं. पुडा उशाशीच असायचा. मग उशाशी मुंग्या झाल्या. मग हिने मला हॉलमध्ये झोपायला पाठवलं. म्हणजे बंड्याच्या शेजारी.

शेवटी त्याला डॉक्टरकडे नेलं. सशांवर उपचार करणारा डॉक्टर सापडेपर्यंत ठाणे गाठावं लागलं. दवाखान्यात एका बाजूला धापा टाकणारा लॅब्रॅडॉर, दुसऱ्या बाजूला टोपलीतून गुरगुरणारी मांजर, मध्ये मी, मांडीवर पिंजरा. आयुष्यात पहिल्यांदाच बंड्या आणि मी एकाच वेळी गप्प बसलो होतो.

डॉक्टरबाईंनी त्याचं तोंड उघडून बॅटरीने आत पाहिलं. मी माझं निदान सांगितलं. "दात शिवशिवतात हो त्याचे. उंदराच्या जातीचाच ना शेवटी."

"उंदराच्या नाही," त्या म्हणाल्या. "हे बघा, वरच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात आहेत. ते उंदराला नसतात. एकूण 28 दात, आणि सगळे जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. काय खायला देता?"

"गाजर. रोज."

"आणि?"

"…गाजर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. गाजर म्हणजे सशाची मिठाई. लहानसा तुकडा, तोही कधीतरी. याच्या खाण्यातला ऐंशी टक्के भाग गवत असायला हवं, वाळलेलं, चोवीस तास समोर. ते रगडताना दाढा झिजतात आणि पोटही चालू राहतं. सशाला उलटी होत नाही, पोट थांबलं तर जिवावर बेततं. अर्धा दिवस जरी खाल्लं नाही तरी वाट न बघता घेऊन या, म्हणाल्या. आणि लोखंड चावून दात झिजत नाहीत, वाकडे होतात, तुटतात. त्यांनी बंड्याला उलटा करून तळपाय दाखवले. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस. आमच्या 'हवेशीर' जाळीवर उभं राहून ते केस झडले होते आणि खालची कातडी लाल झाली होती. ते मात्र मला बघवलं नाही. तीन महिने मी ट्रे धूत होतो, पाय एकदाही पाहिले नव्हते.

"पण मग गज का चावतो?"

"तो गज वाजवतो तेव्हा कोण येतं?"

"मी."

"काय घेऊन?"

मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागलो. लेक म्हणाली, "ग्लुकोजचं बिस्किट. अर्धं."

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चांगलं शिकवलंय त्याने तुम्हाला."

आपल्या माळावरचा ससा वेगळा आणि हा वेगळा, हे मला तिथेच कळलं. मराठीत दोघांनाही एकच शब्द असल्यामुळे चाळीस वर्षं पत्ता लागला नव्हता. आपला रानससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला एकटा राहतो. हे पाळीव ससे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. जमिनीखाली बिळं खणून गोतावळ्याने राहणारे. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडून धावणारे. अशा प्राण्याला तिसऱ्या मजल्यावर, जाळीवर, एकट्याला, दोन फुटांत ठेवलं होतं आम्ही. आणि हे ऐकणारा मी कोण, तर खिडकीच्या गजाला नाक लावून वीस वर्षं लोकलने जाणारा.

"याला सोबत हवी. दुसरा ससा आणता येईल," असंही त्या म्हणाल्या. ही माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा वेळापत्रक वाचू लागलो.

'ते' ऑपरेशनही करून घेतलं. आईसमोर त्याला अजूनही 'ते'च म्हणतात. आदल्या रात्री तिने माणसासारखं त्याला उपाशी ठेवायचा घाट घातला होता. डॉक्टरबाईंनी फोनवरून बजावलं, की याला शेवटपर्यंत खाऊ द्या. त्यावर आई म्हणाली, "एवढं सुख तुझ्या बाबांच्या हर्नियाला नव्हतं."

मग घराची फेरमांडणी सुरू झाली. घडीच्या जाळ्या आणून हॉलच्या कोपऱ्यात सहा फूट बाय चार फुटांचा वाडा उभा राहिला. टीपॉय गॅलरीत गेला. फरशीवर पाय घसरतात म्हणून आईची जुनी सतरंजी अंथरली. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके लेकीने आधी चिकटपट्ट्या आणि पिना काढून साफ केले आणि प्रत्येकाला दोन दारं कापली. दोन का, तर बिळाला मागचं दार हवं. धोका आला तर सटकता यावं म्हणून. आमच्या ब्लॉकला एकच दार आहे, हे त्या दिवशी मला जरा खटकलं.

खणण्याची सोय आंब्याच्या पेटीने केली. हापूस संपला होता, पेटी रिकामी, आत पेंढा तसाच. मी खिळे उपटून कडा घासल्या आणि पेटी वाड्यात ठेवली. बंड्याने ती हुंगली, आत उडी मारली आणि पुढच्या दोन पायांनी असा काही पेंढा उपसायला लागला, की पाच मिनिटांत पेंढा पंख्यापर्यंत. आई जपाची माळ बाजूला ठेवून बघत बसली.

गवताचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. परदेशी टिमोथी गवताचा किलोचा भाव पाहून ही म्हणाली, "आपण बासमती खातो तोही इतका महाग नाही." मग तबेल्यातून वाळलेलं गवत आणलं. बुरशी नाही ना, धुळीचा वास येत नाही ना, हे हुंगून बघायचं काम माझ्याकडे. भाजीवाला मुळ्याचा पाला आधी फुकट द्यायचा. रोज लागतो म्हटल्यावर त्याचाही दर ठरला. शिवाय दूर्वा. सशाला दूर्वा जिवापाड आवडतात हे कळल्यापासून आई रोज दोन जुड्या आणते, धुते, एक गणपतीला, एक बंड्याला. फुलवाली परवा विचारत होती, "आजी, तुमच्याकडे रोज संकष्टी असते का?"

बिस्किट बंद झालं. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, की पहिले काही दिवस तो दुप्पट वाजवेल, हटू नका. दुप्पट म्हणजे काय, ते मी भोगलं. जाळीचे गज तेवढे नवे, सूर तेवढा वरचा. मी उशी डोक्यावर घेऊन पडलेला, ही माझा हात धरून, "जायचं नाही हं, जायचं नाही." खालून काकांच्या काठीचे ठोके. आता आम्ही रात्री झोपण्याआधीच कागदाच्या नळ्यांत गवत कोंबून, मध्ये कोथिंबिरीच्या दोन काड्या लपवून वाड्यात इकडेतिकडे टाकून ठेवतो. पहाटे उठून ते शोधण्यातच त्याचा वेळ जातो. चावायला पेरूच्या डहाळ्या. सालीपासून सुरू करून पार पांढरी काडी उरेपर्यंत सोलतो. सहाव्या पहाटे टर्रर्र आलं नाही. आलं ते खणण् खण्. त्याला खेळायला ठेवलेली स्टीलची वाटी दातांत धरून तो फरशीवर भिरकावत होता. वाटी काढून नारळाची करवंटी ठेवली. सतरंजीवर तिचा आवाज जेमतेम ठप्प.

नवीन प्रश्न नाहीत असं नाही. त्याला मोकळा सोडतो तेव्हा वायरी प्लास्टिकच्या नळीत घालाव्या लागतात. एकदा नळी घालायला दहा मिनिटं उशीर झाला आणि घरातलं इंटरनेट दोन दिवस गेलं. एका संध्याकाळी तो धावता धावता मध्येच हवेत उडाला, कान एकीकडे, पाय दुसरीकडे, अंगाला पीळ. आई ओरडली, "फेफरं आलं!" फेफरं नव्हे, आनंद झाला की ससे तसे उडतात. आणि एकदा तर भर दुपारी धाडकन कुशीवर पडला, पाय ताणलेले, डोळे अर्धे मिटलेले. आई गंगाजलाचा गडू घेऊन पोहोचेपर्यंत तो उठून मिशा साफ करत होता. ससा फार निर्धास्त असला की असा पडतो. गडू हातात होताच, म्हणून तिने दोन थेंब मला दिले.

काकांचं आणि त्याचं जमलं ते उन्हाळ्यात. उकाड्याने ससा बेजार होतो, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर टाकतो. म्हणून आम्ही बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवायचो. आमचा फ्रिज बिघडला तेव्हा काकांनी बाटल्या दिल्या. मग द्यायला म्हणून वर येऊ लागले. मग गावाहून येताना पेरूच्या डहाळ्यांचा भाराच आणला. म्हणाले, "औषध मारलेलं नाही हं, घरचं झाड आहे."

गणपतीला आम्ही पाच दिवस कोकणात निघालो, तेव्हा काकांनी बंड्याला आपणहून मागून घेतलं. वाडा, खोके, आंब्याची पेटी, गवताचं पोतं, सगळं खाली नेलं. लेकीने दोन पानी सूचना लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवल्या. पहिली ओळ लाल शाईत, खाली दोन रेघा मारून : गज वाजवला तर उठायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावी फोन वाजला. चार चाळीस. मी धडपडत पडवीत आलो. काका होते.

"अहो, हा वाजवतोय."

"काका, काही देऊ नका. काही म्हणजे काहीच नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. फारच शांतता. आणि मग अगदी स्पष्ट, कुरुम कुरुम.

"अर्धंच दिलं हो," काका म्हणाले.