बटण दाबून माझे बाबा सॉरी म्हणाले

डोकं फिरलंय आज, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगते.

बाबांना चेकअपला घेऊन गेले होते. हॉस्पिटलच्या दाराला नवीन ऑटोमॅटिक ओपनर बसवलाय, भिंतीवर व्हीलचेअरचं चित्र असलेलं निळं बटण, एकदम चकचकीत. बाबा इतके खूश झाले की मला म्हणाले, "तू सोड, मी दाबतो." पॅरालिसिसनंतर त्यांचा उजवा हात चालत नाही, डाव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या पायाने रेटायचं अशी त्यांची खुर्ची चालते. बटण कुठे? दार बाहेर उघडून जिथे येतं बरोब्बर तिथे, बिजागरीच्या बाजूला. म्हणजे दाबायचं तर दाराच्या वाटेतच उभं राहायला हवं. त्यांनी वाकून डावा हात आडवा नेला, दाबलं, आणि दार आलं ना अंगावर! फूटरेस्टला टक्क करून लागलं. एका हाताने खुर्ची मागे घ्यायला गेलं की ती सरळ मागे जात नाही, गोल फिरते, तशी ती फिरली आणि अडकली. वॉचमनकाका धावत आले, दार धरलं, आणि बाबा त्यांना म्हणाले, "सॉरी हं."

सॉरी कशाबद्दल??

आत जाऊन विचारलं की बटण तिथेच का लावलं. उत्तर मिळालं, "मॅडम, वायरिंगचा पॉइंट तिथे होता." संपलं. माणूस कुठे थांबणार, त्याचा कुठला हात चालतो, खुर्ची कुठून वळणार, हे कोणाच्या डोक्यातच नाही, पॉइंट तिथे होता.

मला यातलं थोडं कळतं कारण घरी आम्ही हे सगळं केलंय आणि आधी चुकलोय. ही जी हळू उघडणारी बटणाची दारं असतात, लो एनर्जी म्हणतात त्यांना, ती मॉलच्या दारांसारखी नसतात. मॉलचं दार माणूस दिसला की झपकन उघडतं म्हणून त्याला सेन्सर हवेच. या हळू दारांना अमेरिकेच्या स्टँडर्डमध्येसुद्धा सेन्सर कंपल्सरी नाही, कारण माणूस स्वतः समजून बटण दाबतो आणि दाराचा जोर कमी ठेवलेला असतो. म्हणजे बटणाची जागा हीच सेफ्टी आहे हो! ती चुकली की उरलं काय? हळू असलं तरी पायावर आलेलं दार ते दारच. आणि दार आपल्याकडे उघडणार असेल तर वर एक सेन्सर लावाच, कंपल्सरी नसला तरी.

जागा असेल तर सरकतं दार सगळ्यात बरं, ते अंगावर येतच नाही. शिवाय बाहेरच्या दाराला वारा असतो, तिथे हळू उघडणारी मोटर कमी पडते. सरकत्या ऑटोमॅटिक दाराची कल्पना १९५४ साली टेक्सासमध्ये डी हॉर्टन आणि ल्यू ह्युइट यांना सुचली तीच मुळी वाऱ्यापुढे साधी दारं टिकेनात म्हणून.

घरी आमचं काय झालं, तर ओपनर बसवला आणि दुसऱ्याच आठवड्यात मोटर घरघर करायला लागली. दार बिजागरीतून खाली उतरलेलं, फरशीला घासत होतं, आणि वर लॅच तसाच ठेवलेला. मोटर ओढतेय, लॅच सोडत नाहीये. मग आधी सुताराकडून बिजागऱ्या बदलून घेतल्या आणि इलेक्ट्रिक स्ट्राइक लावला, म्हणजे बटण दाबलं की आधी लॅच सुटतो आणि मगच मोटर ओढते. हे बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. वीज गेल्यावर दार हाताने सहज ढकलता येतं का, हेही तेव्हाच त्याच्यासमोर मेन स्विच बंद करून बघा.

आणि वेळ! दार पूर्ण उघडल्यावर निदान ५ सेकंद उघडं राहायला हवं असं ते अमेरिकेचं स्टँडर्ड म्हणतं. निदान. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बाबांना आमच्या दारातून जायला लावलं, पूर्ण बाहेर पडायला १४ सेकंद लागले, मग आम्ही १८ वर सेट केलं. एक स्क्रू फिरवायचा असतो किंवा एक सेटिंग बदलायचं असतं, त्याला पैसे पडत नाहीत. हॉस्पिटलचं ते दार तर बाबा वळेपर्यंत मिटायला लागलं होतं.

हो, मान्य आहे, ओपनर महाग असतो, त्याला मेंटेनन्स लागतो. प्रत्येक दाराला मोटर हवीच असंही नाही, कितीतरी ठिकाणी नुसता क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारा तो वरचा दांडा, सैल केला तरी काम भागतं. ठीक आहे. पण एकदा खर्च केलाच आहे तर एका व्हीलचेअरवाल्या माणसाला बोलवून त्या दारातून दोनदा आतबाहेर करून बघायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं?

"वॉचमन असतोच की उघडून द्यायला" असं कमेंटमध्ये कोणी लिहू नका प्लीज. ते काका चांगले आहेत, त्यांनी फूटरेस्टसुद्धा नीट करून दिला, बाबांना काही लागलं का ते दोनदा विचारलं. राग त्यांच्यावर नाहीच आहे. पण अख्खी जिंदगी स्वतःचं दार स्वतः उघडलेला माणूस आहे तो, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा "मी दाबतो" म्हणाला होता.

हॉस्पिटलला लेखी दिलंय, बटण हँडलच्या बाजूला, दाराच्या वाटेबाहेर, दीड-दोन मीटर अलीकडे घ्या आणि वेळ वाढवा म्हणून. बघतो म्हणालेत. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे, मी मोजायची टेप घेऊन जाणारे.

येताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या वेळी तूच दाब."