खुलासा : डीपर्सनलायझेशनमध्ये भावना ‘मरत’ नाहीत

डीपर्सनलायझेशन म्हणजे आपण स्वतःपासून, स्वतःच्या भावनांपासून तुटलोय असं वाटत राहण्याचा त्रास. ‘तो झाला की मेंदूतलं भावनांचं केंद्र कायमचं बंद पडतं,’ असा मजकूर फिरतोय. हा मजकूर चुकीचा आहे. मुळात असं एकच केंद्र मेंदूत नाही.

सिएरा आणि बेरिओस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1998 मध्ये मांडलेलं गृहीतक वेगळंच सांगतं : कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग भावनिक प्रतिसाद जरुरीपेक्षा जास्त दाबून धरतो. 2001 मध्ये लंडनच्या संशोधकांनी रुग्णांना किळसवाणी चित्रं दाखवून एमआरआय केले. शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारा इन्सुला इतरांपेक्षा थंड, तर प्रीफ्रंटलचा खालचा भाग जास्त सक्रिय दिसला. अप्रिय चित्रांना तळव्याच्या घामाचा प्रतिसादही कमी आणि उशिरा येतो. पण अचानक टाळी वाजवली तर तोच प्रतिसाद इतरांपेक्षा लवकर येतो! बंद पडलेल्या यंत्रणेत हे घडलं नसतं. अर्थात हे अभ्यास लहान गटांवरचे आहेत. स्कॅनवरून निदान होत नाही.

‘हे वेड आहे’ हेही खोटं. ‘सगळं काचेआडून चाललंय’ असं वाटत असतानाच, हे फक्त वाटणं आहे याची रुग्णाला पूर्ण जाणीव असते. त्रास टिकत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.