गर्भनिरोधनाच्या साधनांवरच्या ‘त्या’ मेसेजला सविस्तर उत्तर

नागपुरातल्या भिशीच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गर्भनिरोधनाची सगळी साधनं बाईचं शरीर पोखरतात. गोळ्यांनी कॅन्सर होतो आणि पुढे मूल राहत नाही. तांबी सरकत सरकत काळजापर्यंत जाते. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा इंजेक्शनने पाळी थांबते आणि खराब रक्त अंगात साचतं. मग करायचं काय? तर दिवस मोजायचे, चुकलंच तर दुकानातून ७२ तासांची गोळी आणायची, आणि दोन मुलं झाली की बाईचं ऑपरेशन करून मोकळं व्हायचं. पुरुषाची नसबंदी मात्र करायची नाही, त्याने माणूस कमजोर होतो.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दक्षिण नागपुरात माझी ओपीडी आहे. बायका हा मेसेज मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, “मॅडम, हे खरं हाय का?” बाहेर रांग असते, तिथे पाच मिनिटांत पुरं सांगून होत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आधी जे खरं आहे ते. साधनांनी त्रास होतो. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना खराच होतो. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, कळा येतात. गोळ्यांच्या पहिल्या दोन-तीन पाकिटांत मळमळ, डोकेदुखी, मधेच डाग लागणं हे होतं. इंजेक्शनने पाळीचं वेळापत्रक विस्कटतं. हे आधी सांगितलेलं असेल तर बाई थांबते, वाट बघते, फोन करते. न सांगता पाठवलं तर ती घाबरते, आणि घाबरलेल्या बाईला हा मेसेज पटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, साधन वापरणाऱ्या बायकांपैकी साधारण ६२ टक्के जणींनाच त्याचे दुष्परिणाम कधीतरी सांगितले गेले होते. उरलेल्या ३८ टक्के जणींना कुणी काही सांगितलंच नाही. हा दोष आम्हा डॉक्टरांचा आणि दवाखान्यांचा आहे, तो बायकांच्या अज्ञानावर ढकलू नये.

आता मेसेजचे मुद्दे.

गोळ्यांनी मूल राहत नाही, हा पहिला. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बघा. २८ गोळ्या असतात: २१ पांढऱ्या, ७ तपकिरी. पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन्स असतात, ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायॉल. त्यांच्यामुळे बीज सुटणं थांबतं. गोळी बंद केली की सहसा काही आठवड्यांत ते पूर्ववत होतं. गोळीवर असताना पाळी घड्याळासारखी येते, त्यामुळे मुळात अनियमित पाळी किंवा पीसीओडी असेल तर ते झाकलं जातं; गोळी सोडल्यावर ते उघड होतं आणि दोष गोळीच्या माथी येतो. तपकिरी गोळ्या लोहाच्या आहेत. कितीतरी जणी त्या फेकून देतात आणि मग नवं पाकीट सुरू करायला दोन-तीन दिवस उशीर होतो. दिवस राहतात ते पुष्कळदा या उशिरामुळे. एक पांढरी गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवताच एक घ्यायची, पुढच्या रोज चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोधही वापरायचा.

कॅन्सरबद्दल मेसेजने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. या गोळ्यांनी बीजांडकोषाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, आणि गोळ्या सोडल्यावरही हा फायदा कित्येक वर्षं टिकतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका गोळ्या चालू असताना किंचित वाढतो, बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. पाच वर्षांहून जास्त घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो, म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये. दोन्ही बाजू समोर ठेवल्या की बाई स्वतः ठरवू शकते.

गोळ्यांचा जो धोका मी खरोखर गांभीर्याने घेते, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही: शिरेत रक्ताची गुठळी होणं. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना, घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना ती होते. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो, आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे धोका आहे, पण नको असलेल्या गरोदरपणाचा त्याहून मोठा आहे. तरीही काही जणींनी ही गोळी घेऊच नये: रक्तदाब वाढलेला असेल, आधी गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून मग अर्धं डोकं दुखत असेल, स्तनाचा कॅन्सर किंवा यकृताचा मोठा आजार असेल, पस्तिशी ओलांडलेली आणि सिगारेट-बिडी चालू असेल, किंवा अंगावर सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल. आपल्याकडे बायका बिडी क्वचित ओढतात, पण खर्रा, नस असा तंबाखू चालतो आणि ते डॉक्टरला सांगत नाहीत. सांगा, आणि गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, एकाएकी दिसेनासं झालं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. टीबीसाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो, तेव्हा दुसरं साधन निवडावं.

इथे विदर्भासाठी जास्त महत्त्वाची गोष्ट येते, सिकलसेल. आपल्या भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, तरी गर्भनिरोधनाच्या वेळी बाईचा रिपोर्ट विचारायचं राहून जातं. रिपोर्ट ‘एएस’ असेल, म्हणजे ती फक्त वाहक असेल, तर जवळपास सगळी साधनं चालतात. ‘एसएस’ असेल, म्हणजे तिला प्रत्यक्ष आजारच असेल, तर हिशेब बदलतो. या आजारात गुठळीची शक्यता मुळातच जास्त असते, म्हणून इस्ट्रोजेन असलेली गोळी मी देत नाही. तांबी चालते, पण रक्त आधीच कमी असतं आणि तांबीने पाळीत आणखी जातं, म्हणून हिमोग्लोबिनवर नजर हवी. हार्मोनची तांबी मिळू शकत असेल तर उत्तम, तिच्याने पाळीतलं रक्त कमी होतं. अंतरासारख्या इंजेक्शनने वेदनेचे झटके कमी झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तरी तिचं आधीचं दुखणं बघून निर्णय तिच्या डॉक्टरनेच घ्यावा. आणि जी सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेते तिला तर भरवशाचं साधन हवंच, कारण त्या औषधावर असताना दिवस राहणं टाळायला सांगतात. अशा मुलीला कुणी ‘सगळंच घातक, दिवस मोज’ सांगितलं तर ती सरळ धोक्यात जाते. सिकलसेलमध्ये गरोदरपण आई आणि बाळ दोघांनाही जड जातं. हा मेसेज मला सगळ्यात जास्त खटकतो तो याच ठिकाणी.

तांबी काळजापर्यंत जाते, हा दुसरा मुद्दा. ओपीडीत मी तांबी तळहातावर ठेवून दाखवते. साडेतीन सेंटीमीटरची, इंग्रजी टी अक्षरासारखी प्लास्टिकची काडी, तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार आणि खाली दोन बारीक धागे. ती गर्भाशयाच्या पिशवीत बसते. पिशवीतून वर जाणाऱ्या नळ्यांचं तोंड इतकं बारीक असतं की ही काडी तिथून सरकूच शकत नाही. बसवताना पिशवीला छिद्र पडणं हे मात्र घडू शकतं, हजारात एक-दोनदा; बाळ अंगावर पीत असताना त्याची शक्यता थोडी जास्त असते. तेव्हा ती पोटाच्या पोकळीत जाते आणि दुर्बिणीने काढावी लागते. काळजाकडे जायला वाट नाही. जास्त वेळा घडतं ते उलटं, तांबी खाली सरकून पडून जाते, शंभरात दोन ते दहा जणींची, पहिल्या वर्षात. म्हणून पाळीनंतर धागा बोटाला लागतो का ते बघायला सांगतात. तांबी ३८०-ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं, आणि वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत, इतकी ती भरवशाची. तरीही २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या आणि पाळीत मुळातच भरपूर जाणाऱ्या बाईला मी तांब्याची तांबी सुचवत नाही. आणि बसवलेली तांबी नको झाली तर ती काढून मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. “अजून थोडे दिवस बघा” हा सल्ला ऐकायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

अंतराने खराब रक्त साचतं, हे शरीराच्या रचनेलाच धरून नाही. दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि गळून पडतं, तीच पाळी. अंतरामुळे अस्तर पातळच राहतं. गळायला काही नसतं, मग साचणार काय? खरे प्रश्न वेगळे आहेत. काहींचं वजन वाढतं. हाडांची घनता थोडी कमी होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर बहुतांशी भरून येते. दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असणाऱ्या जोडप्याला मी अंतरा देणार नाही. पाळी महिनोन्‌महिने न येणं ज्या बाईला सोसवत नाही, तिलाही नाही. हार्मोनची भीतीच असेल तर छाया ही बिनहार्मोनची गोळी आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. बाळाला पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी लांबते, एवढं आधी माहीत असावं. अंतरा आणि छाया दोन्ही २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहेत. नागपुरातल्या डागा, मेयो, मेडिकल या सरकारी दवाखान्यांत विचारा.

दिवस मोजण्याबद्दल थोडक्यात. पाळी मागेपुढे होणाऱ्या बाईचा ‘सेफ’ काळ कागदावरच सेफ असतो. वेळेवर बाजूला होण्याच्या पद्धतीत वर्षभरात शंभरातल्या वीस जोडप्यांना दिवस राहतात. निरोध नेहमीच्या वापरात शंभरातल्या ८७ जोडप्यांना वाचवतो, शिवाय संबंधातून होणारी लागण टाळणारं साधन तेवढं एकच. फक्त ते गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात डिकी जी तापते, त्यात रबर कमकुवत होतं.

आणि ७२ तासांची गोळी. हिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे माला-एनच्या दहा पांढऱ्या गोळ्यांइतकं, एकदम. गोळ्यांमधल्या हार्मोनला भिणारा मेसेज हीच गोळी सुचवतो! ती वाईट नाही. संबंधानंतर जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी, गर्भपात करत नाही, बीज सुटणं पुढे ढकलते. पण महिन्यात तीन-तीनदा घेतली तर पाळीचा गोंधळ होतो, भरवसा रोजच्या गोळीपेक्षा कमी, आणि घेतल्यानंतरच्या संबंधाला तिचं संरक्षण नाही. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा याच अडचणीवरचा आणखी खात्रीचा उपाय आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो.

राहिलं ऑपरेशन. ज्या बाईचं पूर्ण ठरलं आहे तिच्यासाठी ते चांगलं साधन आहे. पण ते कायमचं आहे, आणि तेवीस-चोविसाव्या वर्षी सासर-माहेरच्या घाईत घेतलेला निर्णय पुढे उलटवणं अवघड, खर्चिक आणि बेभरवशाचं असतं. २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांनी स्वतःची शस्त्रक्रिया केलेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. “माह्या पोराले कमजोरी येईन न बाई,” असं सासू म्हणते तेव्हा सून जवळच बसलेली असते, तिचं पोट उघडण्याबद्दल मात्र कुणी काळजी बोलून दाखवत नाही. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत पोट उघडत नाहीत. जागेपुरती भूल, साधारण वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. अंडकोषातून हार्मोन रक्तात जाणं तसंच चालू राहतं, कारण बांधली जाते ती फक्त शुक्राणूंची नळी. ताकद, दाढी-मिशी, इच्छा, संबंध, कशातच फरक पडत नाही. जड उचलणं दोन दिवस टाळायचं, मेहनतीचं काम आठवड्याने सुरू करायचं. नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात, त्यामुळे तीन महिने निरोध वापरावा लागतो. त्यानंतर वीर्य तपासून शुक्राणू शून्य आल्याचा रिपोर्ट हातात घ्यायचा आणि मगच निरोध सोडायचा. नसबंदीनंतर दिवस राहिल्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हाच रिपोर्ट न काढलेला असतो.