डब्लिनचं एक वर्ष नक्की किती महिन्यांचं?

बंड्याच्या धाकट्या बहिणीला डब्लिनच्या एका विद्यापीठाची ऑफर आली. डेटा अ‍ॅनालिटिक्स, एक वर्षाचं मास्टर्स, सप्टेंबर इनटेक. पेढे मिळणार म्हणून कट्टा वेळेवर भरला आणि पहिला पेढा तोंडात असतानाच वादाला तोंड फुटलं.

"वर्षात डिग्री, वर दोन वर्षं नोकरी शोधायला. इंग्लंडवाले तर हे जानेवारी २०२७पासून दीड वर्षावर आणतायत. आयर्लंड बरं ना मग?" बंड्याने ही सगळी वाक्यं कन्सल्टंटच्या ऑफिसातून जशीच्या तशी उचलली होती, हे माझं मत.

मंद्या मालवणचा. त्याचा पुरावा ठरलेला. "आमच्या वराडचो झील थंय पंतप्रधान झालो!"

"लिओ वराडकर डब्लिनलाच जन्मला रे," पम्या म्हणाला. "वडील मुंबईचे डॉक्टर, आई आयरिश नर्स. त्याला कोणी स्टॅम्प २, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचा राहण्याचा परवाना, विचारला नाही. हिला विचारणार."

पम्या बँकेत शैक्षणिक कर्जं बघतो, त्यामुळे त्याचा सूर कायम उलटतपासणीचा. त्याने पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणावर आकडे मांडले. स्टॅम्प २ वर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास काम. किमान वेतन २०२६ला तासाला १४.१५ युरो. म्हणजे आठवड्याचे २८३, चार आठवड्यांचे साधारण ११३०. "डब्लिनचं भाडं, बसपास, जेवण. उरलं काय? ह्यातून फी निघते म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा."

"सुट्टीत ४० तास करता येतं," बंड्या अडून बसला.

इथे शिल्पा बोलली. ती आयर्लंडमधल्याच कॉर्कला शिकून आलीय, आणि तोपर्यंत गप्प पेढे खात होती. "सुट्टी म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी. एक वर्षाच्या मास्टर्सचं डिझर्टेशन कधी असतं? जून ते ऑगस्ट! सरकार ४० तासांची मुभा देतं तेव्हाच गाइड चॅप्टर मागत असतो. आम्ही रात्री गोदामात खोकी भरायचो आणि दिवसा रेफरन्सेस."

बंड्या काही बोलेना. शिल्पाचं मात्र संपलं नव्हतं.

"आणि नोकरीचं सांगते. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅमचे, म्हणजे नव्या पदवीधरांच्या भरतीचे, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात. तेव्हा तू नुकतीच उतरलेली. पर्यटकांच्या हॉस्टेलच्या बंक बेडवर बसून खोलीच्या प्रत्येक जाहिरातीला मेसेज टाकत असतेस. घरमालक मागच्या घरमालकाचं पत्र मागतो. आता ठाण्याच्या आईचं पत्र चालतं का? खोली मिळेपर्यंत अर्जांची तारीख गेलेली असते."

मला वाटतं सगळ्या चर्चेत एवढंच कामाचं होतं. माहितीपत्रकात वर्ष बारा महिन्यांचं असतं. नोकरीच्या दृष्टीने त्यातले पहिले दोन महिने सगळ्यात मोलाचे, आणि नेमके तेच खोली शोधण्यात जातात.

"पण ती दोन वर्षं तर हातात आहेत?" बंड्या.

"हातात एकच," शिल्पा. "मास्टर्सनंतर स्टॅम्प १जी, म्हणजे नोकरी शोधायचा परवाना, आधी १२ महिन्यांचा मिळतो. पुढचे १२ हवे असतील तर शिक्षणाला साजेशी नोकरी खरंच शोधत होतीस हे दाखवावं लागतं. अर्जांच्या, मुलाखतींच्या मेल जपून ठेवायच्या. कॅफेतल्या पगाराच्या स्लिपा तिथे कामाच्या नाहीत."

मंद्याने २०२५च्या जुलैत डब्लिनच्या टाला (Tallaght) भागात एका भारतीयाला झालेली मारहाण काढली. बंड्याची आई त्याच बातमीने रात्री जागी असते म्हणे. पण ती चर्चा आम्ही लांबवली नाही, कारण मुलगी समोरच बसली होती.

"म्हणजे पाठवू नको म्हणता?" बंड्या आता चिडला.

"पाठव की! फक्त पार्ट-टाइमची कमाई ह्या हिशोबात शून्य धर," पम्या झाकणावर रेघ मारत म्हणाला. "मग जमतंय का बघ."

तेवढ्यात बहिणीने झाकण आपल्याकडे ओढलं. "पम्यादादा, हप्ता कधी सुरू होतो?"

"साधारण कोर्स संपल्यावर वर्षाने. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं."

"आणि शिल्पाताई, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचा अर्ज ऑफर आल्या आल्या करायचा असतो ना? दादा म्हणाला, तिकडे गेल्यावर बघू."

शिल्पाने बंड्याकडे असं पाहिलं की तो चहा सांगायला उठला.