आधी तिला सांगू द्या

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. लग्नात स्टेजवर चढताना माझ्या भाचीच्या पायात शालू अडकला आणि ती सगळ्यांसमोर पडली, तेवढाच तुकडा. मागे गाणं जोडलेलं, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग. ज्यानं टाकला त्याला मी फोन करून तो काढून टाकायला सांगितला. तो म्हणाला, "अगं ताई, गंमत आहे. तूच म्हणतेस ना, माणसानं हसावं?"

हो, म्हणते. म्हणूनच हे लिहिते आहे.

आमच्या घरात फजितीवर हसायला शिकवलं ते आत्यानं. मी सातवीत असतानाची गोष्ट. आत्या पुण्याहून कोल्हापूरला बारशाला निघाली होती. बरोबर बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू. कराड स्टँडवर गाडी थांबली, ही चहाला उतरली आणि परत येऊन बसली. म्हणजे बसायला गेली, तर तिच्या खिडकीपाशी एक गृहस्थ! "अहो, उठा, ही माझी जागा आहे," असं तिनं ठणकावून सांगितलं. तो बिचारा काही न बोलता उठला आणि दांड्याला धरून उभा राहिला. आत्याला झोप लागली. गर्दीतून वाट काढत कंडक्टर पोचला तेव्हा मल्हारपेठ जवळ आलं होतं. तिकीट बघून तो म्हणाला, "मावशी, ही चिपळूणची गाडी."

लाडू कोल्हापूरच्या रस्त्याला आणि आत्या कुंभार्ली घाटाच्या! मल्हारपेठला उतरून ती उलटी कराडला आली, तिथून रात्री कोल्हापूरला पोचली. पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं पिशवी कोल्हापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रकांकडे ठेवली होती. लाडू शाबूत.

हा किस्सा आम्ही तिच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकला असेल. दर वेळी तो उठून उभा राहणारा माणूस थोडा जास्त सभ्य व्हायचा. "त्याची जागा होती गं, आणि मी त्याला उठवलं!" इथे ती स्वतःच इतकी हसायची की पुढचं आम्हालाच पूर्ण करावं लागायचं. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते तिनं तो केव्हा केव्हा सांगितला ते. कॉलेजात पहिल्याच भाषणात दुसऱ्या वाक्याला मी सगळं विसरले, खाली उतरले आणि घरी येऊन जेवले नाही. आत्या माझ्याशेजारी येऊन बसली. भाषणाचा विषयही काढला नाही. फक्त म्हणाली, "मी चिपळूणला चालले होते तेव्हाची गोष्ट सांगितली का तुला?" तिनं माझ्यासाठी आपली फजिती पुन्हा बाहेर काढली. तसलं प्रेम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

आपल्याकडे या प्रकाराला शब्द तरी किती! फजिती, पचका, पोपट, गोची. हे सगळे माणूस स्वतःबद्दल सहज वापरतो. "काय सांगू, आज माझा असा पोपट झाला!" म्हणत घरी येतो आणि त्याच्या चपला काढून होईपर्यंत घर हसायला लागलेलं असतं. आणि दुसऱ्या बाजूला शोभा, नाचक्की, बेअब्रू. "चारचौघांत माझी शोभा केलीस" म्हणताना करणारा दुसराच असतो. भाषेला हा फरक कळतो, मग आपल्याला का कळू नये?

विनोदी लेखक चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक, मोठे अभ्यासक. त्यांचा चिमणराव एवढी वर्षं आपल्या घरातला वाटतो, याचं मोठं कारण मला हेच दिसतं की तो आपली फजिती आपल्या तोंडानं सांगतो. तीच हकिगत शेजाऱ्यानं खिडकीतून बघून सांगितली असती, तर ती चहाडी झाली असती.

किस्सा सांगताना माणूस ठरवतो कुठून सुरू करायचं, काय गाळायचं, कुणासमोर सांगायचं. बरेचदा मध्ये चार दिवस जातात, कधी चार वर्षं. लाज जरा मुरते, मग हसू येतं. भाचीला ते चार दिवस मिळालेच नाहीत. ती हॉलमधून घरी पोचायच्या आत नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्यांनी तिला पडताना पाहिलं होतं. गुडघा किती लागला, हे विचारणारा एकही मेसेज त्या ग्रुपवर नाही. मी शोधला.

व्हिडिओ काल रात्री ग्रुपवरून काढून टाकला गेला. धन्यवाद. पण ज्यांनी तो आपापल्या फोनमध्ये ठेवला असेल, त्यांनीही काढावा, ही हात जोडून विनंती.

येत्या रविवारी भाची जेवायला येते आहे. मी तिला काही विचारणार नाही. आत्या आता नाही, पण चिपळूणची गाडी मला तोंडपाठ आहे.