स्कॉटलंडला पुन्हा विचारायचं असेल तर

परवा जेवताना मुलीने विचारलं, "आई, २०१४ ला तू 'नाही' म्हणाली होतीस ना? आता परत विचारलं तर काय म्हणशील?" स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळा देश व्हावं का, या २०१४ च्या सार्वमताबद्दल ती विचारत होती. ती तेव्हा चार वर्षांची होती. आता सोळा पूर्ण झालीत, म्हणजे इथल्या नियमाने तिलाही मत आहे. मी आमटी वाढत होते, हातातली पळी तशीच राहिली. उत्तर दिलं नाही. गेले काही दिवस तेच जुळवते आहे, आणि इथे लिहिते आहे. कारण एडिनबरातल्या आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की लोक "आपल्याला काय करायचंय त्यांच्या भांडणात" म्हणून उठतात. अहो, मत आपल्यालाही आहे. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असतील तर मत देऊ शकतात. मी १८ सप्टेंबर २०१४ ला भारतीय पासपोर्टवरच मत दिलं.

'नाही' का म्हटलं? दोन कारणं होती. पहिलं पैशाचं. वेगळं झाल्यावर पौंड राहणार का, याचं उत्तर शेवटपर्यंत धड मिळालं नाही. दुसरं युरोपचं. एकत्र राहा म्हणणारे बजावून सांगत होते की वेगळे झालात तर युरोपीय संघातून बाहेर पडाल. मला ते पटलं. ५५ टक्के लोक माझ्यासारखेच 'नाही' म्हणाले, ४५ टक्के 'होय', आणि मतदान झालं ८४.६ टक्के. इतक्या लोकांना घराबाहेर काढणारा प्रश्न मी दुसरा पाहिलेला नाही.

दोनच वर्षांनी, २३ जून २०१६ ला, ब्रेक्झिटचं सार्वमत झालं. स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के लोकांनी युरोपात राहायचं म्हटलं. तरीही संपूर्ण ब्रिटनच्या ५२-४८ मुळे स्कॉटलंडलाही बाहेर पडावं लागलं. माझ्या 'नाही'चं अर्धं कारण असं माझ्या पायाखालून काढून घेतलं गेलं. त्या सकाळी ऑफिसात माझी पोलिश सहकारी रडत होती. दहा-बारा वर्षं इथे कर भरणारी ती, २०१४ ला मत देऊ शकली आणि २०१६ ला नाही. मला मात्र दोन्ही वेळा मत होतं. तिच्याकडे मान वर करून बघताना मला लाज वाटली होती, ती आजही आठवते.

म्हणून "एकदा विचारलं, संपलं" हे मला मान्य नाही. स्कॉटलंडचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर आणि 'होय'चे पुढारी ॲलेक्स सॅमंड 'पिढीतून एकदा येणारी संधी' म्हणाले होते, हे एकत्र राहा म्हणणारे रोज ऐकवतात. ते म्हणाले होते, खरं आहे. पण कौल ज्या परिस्थितीत घेतला ती परिस्थितीच उलटली, तर लोकांना पुन्हा बोलायचा हक्क हवा.

माझं आजोळ पेडण्याचं, त्यामुळे मला हे वेगळं दिसतं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा गोवा. आजोबा फुलाचे, आणि मडगावला दिलेल्या त्यांच्या बहिणीच्या घरी सगळे दोन पानांचे. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. पुढे दोन वर्षं ती आत्या चवथीला माहेरी आली नाही, असं आई सांगते. पण बघा, कौल हरलेले भाऊसाहेब बांदोडकर काही महिन्यांतच निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले. इथेही तसंच झालं. सार्वमत हरलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने मे २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेतल्या स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. गोव्यात दुसरा कौल कधी झाला नाही, आणि आजोबांनी हळूहळू मान्य केलं, कारण ज्या गोव्यासाठी लोकांनी दोन पानांवर शिक्के मारले तो वेगळा गोवा त्यांना खरोखर मिळाला, आणि १९८७ मध्ये राज्यही झाला. इथे 'नाही' म्हणणाऱ्यांना जे सांगितलं होतं ते मिळालं नाही. जखम उघडी राहिली ती यामुळे.

आता अडचण कायद्याची. २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसद असं सार्वमत घेऊ शकत नाही. कायदा तो कायदा. पण संमती केव्हा मिळेल, कशावरून मिळेल, हे कुठेच लिहिलेलं नाही. उत्तर आयर्लंडसाठी मात्र लिहिलेलं आहे. बहुसंख्य लोक आयर्लंडशी एकत्र यायला तयार दिसले तर ब्रिटिश मंत्र्याने मतदान घ्यायचं, आणि एकदा झालं की पुढचं सात वर्षांच्या आत नाही. मग स्कॉटलंडची 'पिढी' किती वर्षांची, हे कोणीतरी बसून ठरवायला नको का?

एवढं लिहूनही मी उद्या सार्वमत घ्या म्हणणार नाही. २०१४ च्या त्या उन्हाळ्यात आमच्या जिन्यावरच्या खिडक्यांत कुठे निळं 'येस' होतं, कुठे 'नो थँक्स'. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कुंड्यांना पाणी घालणारे दोन शेजारी नंतर कित्येक महिने बोलले नाहीत. पुन्हा विचारलं आणि या वेळी ४९-५१ झालं तर? कॅनडापासून वेगळं व्हायचं का, असं दोनदा विचारलेल्या तिथल्या क्युबेक प्रांताने हे भोगलंय. तिथे १९८० ला साधारण ६०-४० ने 'नाही' आलं. १९९५ ला पुन्हा विचारलं, ९३ टक्क्यांवर मतदान झालं, आणि 'नाही' जिंकलं अवघ्या ५४,२८८ मतांनी. त्या रात्री क्युबेकचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) जाक पारिझो यांनी पराभवाचं खापर पैशावर आणि 'एथनिक' मतांवर फोडलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला, पण बोललेलं परत घेता येत नाही. उद्या इथे काही हजार मतांनी निकाल लागला आणि कोणी आपल्याकडे, आपल्या वाण्याच्या दुकानाकडे, आपल्या गणपतीकडे बोट दाखवलं, तर? ही भीती मनात आहे, ती लपवण्यात अर्थ नाही.

पण दुसऱ्यांदा विचारणं नीट होऊ शकतं, आणि ते याच देशाने करून दाखवलंय. १ मार्च १९७९ ला स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का, असं विचारलं. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के 'होय' म्हणाले. तरी ते नापास झालं, कारण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांचा 'होय' हवा, अशी अट होती. घरी बसलेला माणूसही विरोधात धरला गेला. (असली अट मला अजिबात नको. जिंकूनही हरल्याची चीड किती वर्षं टिकते ते त्याने दाखवलं.) मग लोक कामाला लागले. १९८९ पासून मजूर पक्ष, लिबरल, चर्च, कामगार संघटना, नगरपालिका एकत्र बसल्या. हुजूर पक्ष त्यात नव्हता, स्कॉटिश नॅशनल पार्टीही बाहेर राहिली, तरी संसद कशी निवडायची, अधिकार कोणते, हे सहा वर्षं घासून कागदावर आणलं. ११ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा विचारलं तेव्हा ७४.३ टक्के 'होय' म्हणाले. ज्यांनी विरोध केला होता तेही आज त्याच संसदेत बसतात.

माझं म्हणणं एवढंच, १९९७ सारखं करा. आधी पौंडाचं सांगा. स्कॉटलंड युरोपात आणि इंग्लंड बाहेर असेल तर सीमेवरच्या ग्रेटनाला ट्रक थांबणार का, ते सांगा. पेन्शन कोण देणार ते सांगा. आणि लंडनने पुन्हा विचारण्याचा मार्ग व मधली वर्षं कायद्यात लिहावीत. मग विचारा. मग मी 'होय' म्हणेन अशी शक्यता आज २०१४ पेक्षा खूप जास्त आहे.

स्कॉटिश संसदेतल्या आमच्या भागाच्या प्रतिनिधीला हेच पत्र इंग्रजीत लिहिलंय. पाठवण्याआधी मुलीला वाचायला दिलं. तिने शेवटी दोन ओळी घातल्या: पुढचं सार्वमत कोणीही घेतलं तरी सोळा-सतरा वर्षांच्यांचं मत काढून घेऊ नका, २०१६ ला घेतलं होतं तसं. आणि इथे राहणाऱ्या सगळ्यांना मत द्या, पासपोर्ट कुठलाही असो.