माळ घालताना मी कुणाला विचारलं नव्हतं

परवा पारायणाच्या मंडपात एकानं मला सरळच विचारलं, "काय ओ, गळ्यात माळ आणि बाजू दुसऱ्या धर्मवाल्यांची घेताय?" माऊलींसमोर वाद नको म्हणून गप्प बसलो, पण तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितोय.

मी माळकरी आहे. 24 व्या वर्षी पंढरपुरात माळ घातली, तेव्हापासून एकादशी मोडली नाही, हरिपाठ झाल्याशिवाय जेवत नाही. आणि कुणी कुठल्या देवाला मानावं, कुणाशी लग्न करावं, काय खावं हे सरकारनं सांगू नये हे पण माझं पक्कं मत आहे. काही मित्र उलट म्हणतात, मग माळ काढून टाक की. का काढू? विठ्ठल माझा आहे.

2021 च्या डिसेंबरमध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन चालू असताना कर्नाटक विधानसभेत धर्मांतराचं विधेयक पास झालं, 2022 ला त्याचा कायदा झाला. धर्म बदलायचा तर 30 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, मग नोटीस लागणार, कुणाची हरकत असेल तर चौकशी. फसवून, जबरदस्तीनं कुणाला ओढत असतील तर पकडा, माझं काही म्हणणं नाही. पण मला माळ घालताना बुवांनी एवढंच विचारलं होतं, "पाळशील ना?" मी हो म्हणालो आणि त्यांनी ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ उचलून गळ्यात घातली. तेव्हा नोटीस लागली असती तर पहिली हरकत आमच्या अप्पांनीच घेतली असती, पोरगं शेती सोडून टाळ कुटत बसेल ही त्यांना भीती होती.

कायदा नकोच असं नाही हं. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून 1947 ला साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, आणि नंतर घटनेच्या कलम 25 मध्येच हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्या हिंदूंना खुली करायचा अधिकार सरकारला दिला. आत येणाऱ्याला अडवू नका म्हणून कायदा केला तर मी त्याच्या बाजूनं आहे. बाहेर जाणाऱ्याला अडवायला कशाला?

2023 ला 29 जूनला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. आदल्या संध्याकाळी शेजारचे चाचा दारात येऊन म्हणाले, "उद्या तुमची एकादशी, आम्ही कुर्बानी परवा करतो, तीन दिवस चालतंय आमच्यात." आईनं उपवासाला केलेले शेंगदाण्याचे लाडू त्यांच्या हातावर ठेवले. आणि दोन दिवसांनी ग्रुपवर मेसेज, असं सक्तीनंच करायला लावलं पाहिजे! मला फार लागलं ते. माणसानं आपणहून दिलेलं हिसकावून घेतल्यासारखं.

आपण बेळगावकरांनी तरी असं बोलू नये. 1956 ला आपल्याला कन्नड राज्यात घातलं, तेव्हापासून आपण काय मागतोय? 15 टक्क्यांच्या वर मराठी माणसं आहेत तिथं कागद मराठीत द्या, एवढं साधं पण मिळेना. मागच्या महिन्यात एका ऑफिसात आईच्या हातात कन्नड उतारा ठेवला, ती तो उलटासुलटा करून बघत राहिली, मराठीत मागितला तर वर बोलणी खाल्ली. इथं राहायचं तर आमच्यासारखं राहा, हे वाक्य तिनं त्या काउंटरवर ऐकलंय. तेच वाक्य मी चाचांना ऐकवू?

आज रात्री हरिपाठाला तो माणूस परत शेजारी बसेल. या वेळी विचारलं तर हे सगळं सांगणार आहे.